लाल पट्टीची दुपार

— हो, तेच लिहा, 'स्वयंपाकीण ताईबाई अचानक कोसळल्या.' पेपरमध्ये तसंच आलंय, तालुक्याच्या मीटिंगमध्ये मीही तसंच सांगितलं, उगाच दोन ठिकाणी दोन गोष्टी नकोत. त्या खुर्चीवर नका बसू मॅडम, तिचा पाय हलतो, इकडे या. तर काय म्हणत होतो — पुण्याहून तुम्ही एवढ्या लांब आलात, म्हणजे सविस्तर सांगायला हवं. नाव प्रेमराज, सगळे प्रेमराज सर म्हणतात, आठवी ते दहावीला विज्ञान आणि भूगोल, एकवीस वर्षं याच शाळेत. हे सगळं बायोडाटात दिलंय म्हणा. आणि ही कॉम्प्युटरची खोली, इथेच गेम खेळायची मुलं, तुमच्या संस्थेने दिलेले अकरा टॅब त्या कपाटात आहेत, दोन बिघडलेत, बाकी चांगले. फिल्मचं नाव काय म्हणालात फोनवर — 'एका खेळाने जीव वाचवला'? चांगलं आहे. नाही, चांगलं आहे नाव, मी कुठे वाईट म्हणतोय.

गेम तुमचाच, तुम्हाला काय सांगायचं, पण फिल्म बघणाऱ्यांना सांगावं लागेल ना, तर असं म्हणता येईल — 'उद्याचं गाव', ऑनलाइन खेळायचं, प्रत्येक मुलाला पडद्यावर एक गाव मिळतं, विहीर, बाजार, शाळा, शेतं आणि त्यात फिरणारी एवढी एवढी माणसं. मुलं त्यांना बाहुल्या म्हणायची. झाडं तोडली की काही वर्षांनी पारा चढतो, बोअर खोल नेली की शेजारच्या गावाची विहीर आटते, आणि ते शेजारचं गाव वर्गातल्याच दुसऱ्या कोणाचं तरी असतं — ही युक्ती मात्र तुमच्या लोकांनी चांगली केली. मधल्या सुट्टीत भांडणं व्हायची, माझी विहीर तू आटवली म्हणून. मी एकवीस वर्षं फळ्यावर लिहून देतोय, हवामानबदल, कारणे आणि परिणाम, पाच गुण. मुलं पाठ करतात, लिहितात, विसरतात. मीही विसरतो, खरं तर. पण विहिरीवरून भांडताना मी पोरांना पहिल्यांदा बघितलं. आणि ती लाल पट्टी — पारा चव्वेचाळीसच्या वर गेला की पडद्यावर लाल पट्टी येते, मग वीस सेकंद मिळतात. बाजार बंद करा, शेतातले मजूर सावलीला आणा, म्हाताऱ्यांना निरोप धाडा, पत्र्याखालच्या माणसांना बाहेर काढा. नाही जमलं तर बाहुली आधी खाली बसते, मग आडवी होते, आणि मग गुण जातात. एका बाहुलीचे दहा.

तुम्हाला वाटेल सर फार तळमळीचे. तसं लिहिलंयच मी अर्जात, 'पर्यावरणाची तळमळ.' पण खरं विचाराल तर — नाही, हे लिहायला नाही, असंच सांगतोय — मला आदर्श शिक्षकाची फाइल करायची होती. दोन वर्षं फाइल परत आली, एकच शेरा, नावीन्यपूर्ण उपक्रम नाही. मग तुमचं परिपत्रक आलं आणि मी हात वर केला. यात वाईट काय? सगळे करतात. मुलांचं भलं झालं, माझंही झालं असतं.

दिपमालाबद्दल विचारलंत ना. तेव्हा नववीत होती, आता दहावीला आहे. वडील जळगावला पाइपच्या कारखान्यात, पंधरा दिवसांनी घरी येतात, आई निंदायला-वेचायला जाते. घरात फोन एकच, आईचा, काच तडकलेला, त्या तडकलेल्या काचेवर ही पोरगी गेम खेळायची. वर्गात कधी हात वर करणार नाही, विचारलं तर उत्तर बरोबर, पण आवाज एवढासा. तिचं गाव तीस वर्षं चाललं गेममध्ये. तीस. बाकी पोरांची दहा-बारा वर्षांत संपायची. मी विचारलं, कसं गं? तर म्हणाली, सर, मी बाहुल्यांना नावं दिली आहेत, त्यामुळे लक्ष राहतं. तुमच्या गेममध्ये नाव देता येतं ना — मुलं क्रिकेटवाल्यांची द्यायची, हिने आपल्या गावची दिली होती. एकटे राहणारे भिकन बाबा, पत्र्याच्या घरातली मंदाबाई, मेंढ्या राखणारा कोणी, आणि शाळेच्या स्वयंपाकखोलीत आमच्या ताईबाई. वहीत यादी केलेली, कोणाचं घर पत्र्याचं, कोणाला ऐकू येत नाही, कोणाच्या दारात झाड नाही. ती यादी मी फाइलला लावली. 'विद्यार्थ्यांनी केलेले सर्वेक्षण' म्हणून. तिचं नाव — नाही, तिचं नाव त्यावर नाहीये, 'विद्यार्थ्यांनी' असंच आहे.

ताईबाईंना तुम्ही भेटलात का? नाही ना, भेटायला हवं होतं असं नाही म्हणत मी. एकोणीस वर्षं आमच्याकडे खिचडी शिजवायची. वय पंचावन्न-छप्पन, मी तिला अक्का म्हणतो. तिची एक खोड होती, पोरांना त्यांच्या नावाने हाक मारायची नाही, आजोबाच्या नावाने मारायची. सातवीतलं एवढंसं पोर, आणि ही ओरडणार, ए रुपचंद, ताट आण. पोरं हसायची, पण तिला आजोबाचं नाव माहीत असलं की पोरगं खूश. माझा मुलगा याच शाळेत शिकला, सात वर्षं तिच्या हातचं खाल्लं त्याने. आता नाशिकला असतो. त्याला अजून मी नीट सांगितलेलं नाही.

तर तो दिवस. सतरा एप्रिल. सकाळची शाळा चालू होती, सात ते अकरा, उन्हामुळेच. तुमची राज्याची फायनल ऑनलाइन दुपारी एकला. आमच्या शाळेची एकच खेळाडू, दिपमाला. आता ती मुलगी इथे या खोलीत बसून खेळली असती, पंखा आहे, खिडक्या आहेत, अर्धा तास, संपलं. पण मी म्हटलं, पालक बघू देत, गाव बघू दे. आमच्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष हिलाल आबा म्हणाले, तालुक्याहून साहेबांना बोलवा, जेवण ठेवू. — नाही, आबांनी नाही म्हटलं. जेवणाचं मी सुचवलं. आबा म्हणाले, मग वरण-बट्टी ठेवा, वांग्याची भाजी ठेवा, खान्देशात आलेला माणूस वरण-बट्टीशिवाय कसा जाईल. ऐंशी माणसांचं. बट्ट्या आधी उकडायच्या, मग कापायच्या, मग तेलात तळायच्या. ती स्वयंपाकखोली दिसते का तुम्हाला, त्या खिडकीतून, ते पत्र्याचं, हो, तेच. एक दार, एक झरोका. आणि हॉल म्हणजे तो पलीकडचा, त्यालाही पत्राच. त्या दिवशी धुळ्याला चव्वेचाळीस पॉइंट सहा होतं. मला कसं आठवतं? गेममध्ये वर दिसत असतं ना खरं तापमान, कोपऱ्यात. तुमच्याच लोकांनी ती सोय केली आहे.

सव्वा वाजता ती कोसळली. मुलं धावली. सावलीत आणलं, ओल्या कपड्यांनी गुंडाळलं, वारा घातला, एकशेआठला फोन केला. पाऊण तासाने अॅम्ब्युलन्स आली, तोवर मुलांनी तिला थंड ठेवलं. धुळ्याला डॉक्टर म्हणाले, हे केलं नसतं तर बाई हाताला लागली नसती. हीच बातमी आली. खेळातून शिकलेल्या मुलांनी वाचवला जीव. चौकटीत माझा फोटो. झालं, एवढंच आहे, मॅडम. यातलं काहीही खोटं नाही.

— काय? — नाही, 'अचानक' म्हणजे, तसं बघायला गेलं तर... कोणाला सांगून कोसळतं का कोणी. — तुम्ही असं का विचारताय, तिच्या सुनेला भेटलात का तुम्ही? — बरं. बरं, राहू द्या. तुम्ही नुसतं विचारलंत. मीच आपलं.

सांगतो. अकरा वाजता शाळा सुटली, मी मुलांना थांबवून घेतलं. सतरंज्या टाकायच्या, खुर्च्या मांडायच्या, पडदा लावायचा. दिपमाला माझ्याजवळ आली. आवाज एवढासा, पण आली. म्हणाली, सर, आज लाल पट्टी आहे. मी म्हटलं, कुठे? म्हणाली, आपल्याकडे. चव्वेचाळीसच्या वर आहे. लोकांना पत्र्याखाली बोलावलं तर — सर, आपण कार्यक्रम उद्या सकाळी ठेवू, मी खेळते एकटी, तुम्ही रेकॉर्ड करा. बघा, उपायसुद्धा सांगितला होता पोरीने. आणि तिथे हिलाल आबा होते, दोन-तीन पालक होते, खुर्च्या उचलणारी पोरं होती. मी हसलो. मोठ्याने हसलो आणि म्हटलं, अगं बाई, तो गेम आहे. सगळे हसले. आबा म्हणाले, पोरगी फार खेळायला लागली हो सर, मोबाइल काढून घ्या. पुन्हा हसले. ती नाही हसली. खाली बघून सतरंजी ओढायला लागली.

तीन महिने मी त्या मुलांना काय सांगत होतो? की हा गेम नाही, हे खरं आहे. प्रत्येक तासाला हेच वाक्य, फळ्यावरही लिहिलं होतं एकदा. आणि ज्या दिवशी एकीने खरं मानलं — जाऊ द्या.

तरी ते अकराचं. त्यात काही कोणाचा जीव जात नव्हता. साडेबाराला साहेबांची गाडी आली, तुमची लिंक सुरू झाली, नेटवर्क जात-येत होतं, मी इकडून तिकडे पळतोय, सदरा पाठीला चिकटलेला, आणि ताईबाई हॉलच्या दाराशी आली. दारातच उभी, आत पाहुणे म्हणून आत आली नाही. पदर ओला, चेहरा लालभडक. मला खुणेने बोलावलं. म्हणाली, "सर, माले गरगरी ऱ्हायनं. जराखं झाडखाले बसू का?" चक्कर येतेय, झाडाखाली बसू का. विचारलं तिने मला. पंचावन्न वर्षांच्या बाईने मला विचारलं, बसू का. आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, "अक्का, पंधरा मिनिट. पाहुणा बसेल शेतस. तेवढा शेवटना घाणा काढी ल्या, मंग बसा." पाहुणे बसलेत, शेवटचा घाणा तळून घ्या, मग बसा. ओरडून नाही म्हटलं हो, गोडच म्हटलं, खांद्यावर हात ठेवून म्हटलं. ती बरं म्हणाली आणि गेली.

हे कोणाला माहीत नाही. म्हणजे ताईबाईला माहीत आहे. आणि दिपमालाला, ती पुढच्याच सतरंजीवर टॅब घेऊन बसली होती, तीन हातांवर.

लिहिताय का तुम्ही? लिहा. नाही, मी थांबा नाही म्हणत.

एकला फायनल सुरू. पडद्यावर दिपमालाचं गाव, चांगलं चाललेलं, पालक टाळ्या वाजवतायत, साहेब पुढे सरकून बघतायत. पंधरा मिनिटांनी पडद्यावर लाल पट्टी आली. वीस सेकंद. तिने बाजार बंद केला, मजूर सावलीला आणले, आणि मग तिचा हात थांबला. मी समोरच होतो, मला वाटलं नेटवर्क गेलं. ती पडद्याकडे बघतच नव्हती. खिडकीतून स्वयंपाकखोलीकडे बघत होती. मी मान वळवली तर ताईबाई उंबऱ्यावर बसलेली, दोन्ही हात मांडीवर टाकून, मान पुढे. उन्हात. नुसती बसलेली, म्हटलं तर दमून बसलीय. दिपमालाने टॅब खाली ठेवला आणि उठली. आणि मी काय केलं — मी म्हटलं, दिपमाला, जागा सोडू नको, गुण जातील.

असं म्हटलं मी. तुमच्याकडे असेल ते. फायनलचं रेकॉर्डिंग करायचा तुमचा नियम होता ना, म्हणून मी स्टँडवर दुसरा टॅब लावून ठेवला होता, त्यात सगळं आलंय, हॉल, खिडकी, दारातून दिसणारा नंतरचा व्हरांडा. — नाही, तुमच्याकडे नसेल. तुम्हाला मी पाठवला तो व्हिडिओ दोन मिनिटं दहा सेकंदांचा आहे. मूळ, लाल पट्टीपासूनचं, सहा मिनिटं चाळीस आहे.

ती पळाली, तिच्या मागे आठ-दहा मुलं पळाली, त्यांना कोणी काही सांगितलं नाही, पण एकेकाने एकेक काम घेतलं, जसं काही वाटून दिलेलं. दोघांनी काखेत धरून तिला व्हरांड्यात आणलं, एकाने माठ आणला, मुलींनी ओढण्या भिजवल्या, मानेवर, काखेत, मांड्यांवर टाकल्या, एकाने प्रगतिपुस्तकांचा गठ्ठा आणला आणि ती पुस्तकं वाटून वारा घालायला सुरुवात केली. मोठी माणसं? मोठी माणसं उभी होती. वाकून बघत होती, वारा अडवत होती, एक जण म्हणाला कांदा हुंगवा, एक जण म्हणाला बाहेरचं काही आहे. मी पुढे झालो. मला काहीतरी करायचं होतं, साहेब बघत होते. मी तांब्या घेतला, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि तिच्या तोंडात पाणी ओतायला लागलो. ती अर्धवट शुद्धीत होती. डोळे उघडले, माझ्याकडे बघून म्हणाली, "तू कोना पोऱ्या शे रे?" कोणाचा मुलगा तू. एकोणीस वर्षं रोज बघतेय मला. आणि पाणी तिच्या नाकातून आलं, ठसका लागला, घरघर व्हायला लागली, तेव्हा दिपमालाने माझं मनगट धरलं. शाळेतल्या पोरीने सरांचं मनगट धरलं आणि तांब्या काढून घेतला. म्हणाली, शुद्ध नसली की पाणी नाही पाजायचं. मग म्हणाली, सर, सांगितलं होतं मी. ओरडून नाही म्हणाली. तिचा आवाज तुम्ही ऐकला नाही ना, एवढासा आहे, पण त्या व्हिडिओत स्पष्ट येतो.

ते मी कापलं. सुरुवातीचं कापलं, गुण जातील म्हटलेलं, आणि मधलं तांब्याचं कापलं. फोनवर कापता येतं, मला माहीत नव्हतं, शिकून घेतलं. मग उरली दोन मिनिटं दहा सेकंद, त्यात मुलं वारा घालतायत आणि मी फोनवर एकशेआठला पत्ता सांगतोय. खाली लिहिलं, 'सरांच्या मार्गदर्शनाखाली विद्यार्थ्यांनी दाखवले प्रसंगावधान.' तुमच्या लोकांना आवडला. फायनल तर गेलीच होती, जागा सोडली म्हणून शून्य, पण तुम्ही विशेष पुरस्कार दिला. प्रत्यक्ष जीवनातील उपयोग. ऑगस्टमध्ये पुण्याला घ्यायला यायचं आहे, शाल, स्मृतिचिन्ह, मला पत्र आलंय. मुलांपैकी एकाला आणा असं त्यात लिहिलंय. मी दिपमालाला विचारलं, वर्गाबाहेर बोलावून विचारलं. तिने मान हलवली, नाही. घरी कपाटं आवरायची आहेत म्हणाली. ऑगस्टमध्ये कपाटं.

ती आता गेम खेळत नाही. आईच्या फोनवरून काढून टाकला.

ताईबाई? ताईबाई आहे. अकरा दिवस दवाखान्यात होती, मूत्रपिंडाचा त्रास झाला, तो आटोक्यात आला, पण उजवा हात थरथरतो आणि चुलीपुढे तिला आता उभं राहवत नाही, डॉक्टरांनीही नको सांगितलंय. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा खिचडीला दुसरी बाई लावली. चांगली आहे, तरुण आहे. पोरांना त्यांच्याच नावाने हाक मारते.

मी गेलो होतो ताईबाईकडे. लगेच नाही. आज जाऊ, उद्या जाऊ, पेपरमध्ये आलंय ते जरा निवू दे, मग लग्नाचे दिवस आले, मग शाळा उघडली. शेवटी जुलैत गेलो, म्हणजे आत्ता, पंधरा दिवस झाले. घरी ती आणि सून. वना भाऊ, तिचा मालक, मला बघून बैलाला पाणी दाखवायला उठून गेला. ती ओट्यावर बसलेली, बारीक झालेली. मी ठरवून गेलो होतो काय म्हणायचं. अक्का, मी तुम्हाला बसू द्यायला हवं होतं. एवढं एकच वाक्य. रस्ताभर घोकलं होतं. मी बसलो, सुनेने पाणी दिलं, आणि मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "सर, तुमना कार्यक्रम मन्हामुये वाया गया." माझ्यामुळे तुमचा कार्यक्रम वाया गेला. म्हणाली, इतके दिवस मनाला लागून आहे, पाहुणे आलेले, साहेब आलेले, आणि मी असं केलं. मग म्हणाली, एक विचारू का सर, दवाखान्यातसुद्धा हेच डोक्यात होतं, डोकं गरगरत होतं म्हणून आठवत नाही — "भाजीमा मीठ टाकं व्हतं का मी?"

मी म्हटलं, हो अक्का. बराबर व्हतं.

तिला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, हसली. सुनेकडे बघून म्हणाली, देख, मी म्हणत नव्हते का? आणि सून माझ्याकडे बघत राहिली.

— का बघत राहिली म्हणजे? — मॅडम, मीठ बरोबर होतं हे मला — 

मीठ बरोबर होतं. भाजी चांगली झाली होती. वरणाला फोडणी जरा जास्त बसली होती, पण बट्ट्या खुसखुशीत, तुपात चुरल्यावर एकदम — हो. जेवलो आम्ही. अॅम्ब्युलन्स गेली दोन वाजता, तिच्याबरोबर वना भाऊ आणि सून गेली, मी निघत होतो, खरंच निघत होतो, गाडीची किल्ली हातात होती. आबा म्हणाले, सर, साहेबांना तीनला दुसरीकडे पोचायचंय, ऐंशी माणसांचं अन्न आहे, पंगत बसवा, तुम्हीच गेलात तर कसं होईल. मी पंगत बसवली. मीच वाढलं. आधी वाढलं, मग साहेब म्हणाले, बसा ना सर तुम्हीपण, फार धावपळ झाली तुमची. मी बसलो. भूक लागली होती. आता याला काय म्हणू मी, सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, भूक लागली होती, आणि तो शेवटचा घाणा, पंधरा मिनिटांचा, तो माझ्या ताटात होता, अजून गरम.

दिपमाला चपला घ्यायला परत आली होती. घाईत अनवाणी पळाली होती ना उन्हात, तळपाय भाजले होते, टाचेवर चालत होती. हॉलच्या दारात थांबली. अंगावर ओढणी नाही, भिजवलेली ती ओढणी ताईबाईबरोबरच गेली होती दवाखान्यात. तिने पंगतीकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझा हात तोंडाशी होता. तुम्हाला वाटेल मी घास खाली ठेवला. मलाही वाटत होतं, इतके दिवस मी स्वतःला तसंच सांगत होतो, की ठेवला. नाही ठेवला. खाल्ला. आणि तिला म्हटलं, ये, जेवायला बस.

तिने चपला हातात घेतल्या आणि गेली.

तर — काय राहिलं? मूळ व्हिडिओ आहे माझ्याकडे, पुसलेला नाही. हवा असेल तर — नको, आत्ता नका मागू, मी पाठवीन. पाठवीन की नाही ते मलाच माहीत नाही, तुम्हाला शब्द देऊन काय करू. फोटो घेऊ नका माझा. ताईबाईच्या घरी जायचं तर ते मारुतीच्या पारामागे, पण जाऊ नका, ती तुम्हाला चहा करायला उठेल. दिपमालाला तर विचारूच नका, तिला बोलायचं असतं तर ती त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलली असती.

तुम्ही निघा मॅडम आता. धुळ्याची गाडी फाट्यावर सव्वातीनला येते, रिक्षा दारातच मिळेल. नाही, मी सोडायला येत नाही. माझा तास आहे, दहावी अ. ती पहिल्या बाकावर असते. मी आत गेलो की उभी राहते सगळ्यांबरोबर, आणि मी बसा म्हणेपर्यंत बसत नाही.